सुरांची भाषा घडवताना : 'येनो' या कल्पित भाषेचे ध्वनी आणि व्याकरण

मराठीत 'हो' हा शब्द कसाही म्हणा, त्याचा अर्थ होकारच राहतो. वर चढवत म्हटला तर प्रश्न होतो, खाली सोडत म्हटला तर नाइलाजाची संमती होते, लांबवला तर कंटाळा कळतो. पण शब्द तोच. आवाजाच्या उंचीवरून आपल्याला बोलणाऱ्याचं मन कळतं, शब्द बदलत नाही. जगातल्या कितीतरी भाषांमध्ये मात्र ही उंची शब्दाच्या अंगातच असते. चिनीच्या मँडरिन या रूपात 'मा' सपाट उंच सुरात म्हटलं की आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि झटकन उतरत्या सुरात रागावणं. तिथल्या माणसाच्या कानाला हे चार शब्द इतके वेगळे असतात, जितके आपल्याला 'काल' आणि 'गाल' वेगळे वाटतात.

अशा भाषा म्हणजे जगावेगळा अपवाद नव्हे. ५२७ भाषांच्या एका जागतिक पाहणीत ३०७ भाषांत सूर नव्हता, १३२ भाषांत सुरांची साधी व्यवस्था होती आणि ८८ भाषांत गुंतागुंतीची. म्हणजे दर पाच भाषांमागे साधारण दोन भाषा सुरांच्या. आफ्रिकेत, आग्नेय आशियात, मेक्सिकोत त्या दाटीने आढळतात आणि आपल्या शेजारची पंजाबीही त्यांच्यातलीच.

कल्पित भाषांमध्ये मात्र सूर क्वचितच नीट वापरला जातो. १८८७मध्ये जाहीर झालेल्या एस्परांटोत तो नाही. १९८२मध्ये सुझेट हेडन एल्जिन यांनी घडवलेल्या लादान या भाषेत उंच सूर आहे आणि तो अक्षरावर खुणेने दाखवतात. नव्याने भाषा घडवणारे बहुतेकजण असं करतात की आधी शब्दांची यादी बनवतात आणि मग त्यावर वेगवेगळ्या सुरांच्या खुणा शिंपडतात. त्यामुळे शब्दांची संख्या वाढते, एवढंच. खऱ्या भाषेत सूर कुठून तरी आलेला असतो, तो शेजारच्या अक्षरावर सरकतो, ज्या अक्षरावर होता ते गेल्यावरही मागे उरतो आणि काळ, मालकी, नकार अशी व्याकरणाची कामं करतो. हे सगळं समजायला एक छोटी भाषा डोळ्यांसमोर घडताना पाहणं हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. म्हणून इथे मी 'येनो' नावाची भाषा घडवतो आहे. ती कुणीही बोलत नाही. पण तिचा प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या जिवंत भाषेत सापडणाऱ्या प्रवृत्तीवर उभा आहे.

उंच म्हणजे किती उंच?

स्वरतंतू जितके भरभर थरथरतात तितका आवाज उंच. पुरुषांच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा थरथरतात, बायकांच्या बोलण्यात २००च्या आसपास, मुलांच्या त्याहून जास्त. मग बाईचा 'खालचा' सूर पुरुषाच्या 'उंच' सुराहून वर असेल, तर ऐकणारा गोंधळत कसा नाही? कारण सूर मोजायचा तो त्या माणसाच्या आवाजाच्या आवाक्यात. गायक काळी चारमध्ये गावो की पांढरी एकमध्ये, त्याचा 'सा' कळला की बाकीचे स्वर आपोआप जागेवर बसतात, तसंच हे. ऐकणारा एक-दोन शब्दांतच समोरच्याची पट्टी ओळखतो आणि पुढचं सगळं त्या हिशेबाने ऐकतो.

म्हणूनच भाषाशास्त्रात सूर हर्ट्झमध्ये लिहीत नाहीत. युएन रेन चाओ या चिनी भाषाशास्त्रज्ञाने १९३०मध्ये पाच पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली : १ म्हणजे बोलणाऱ्याचा तळ, ५ म्हणजे माथा. मँडरिनचे चार सूर तिच्यावर ५५, ३५, २१४ आणि ५१ असे लिहितात. ३५ म्हणजे मधून माथ्यापर्यंत चढ, ५१ म्हणजे माथ्यापासून तळापर्यंत उतार.

येनोत मी दोनच सूर ठेवले आहेत, उंच आणि खालचा. सहा-सात सूर घेण्याचा मोह होतो, कारण ते भारदस्त दिसतं. पण आफ्रिकेतल्या कित्येक भाषा दोन सुरांवर जे व्याकरण उभं करतात ते थक्क करणारं आहे. दोन सुरांत पुष्कळ जागा आहे.

लिहिण्यासाठी आपल्या लिपीतल्या वैदिक खुणा हाताशी आहेत. अक्षरावरची उभी रेघ म्हणजे उंच सूर (ता॑), खालची आडवी रेघ म्हणजे खालचा सूर (ता॒). ऋग्वेदाच्या छापील संहितेत याच खुणांचा अर्थ वेगळा आहे; तिथे उदात्तावर, म्हणजे उंच सुरावर, खूणच नसते, उभी रेघ स्वरिताची, म्हणजे उंच-खालच्याच्या मिश्र सुराची असते. इथे मी फक्त आकार उसने घेतले आहेत.

सूर येतो कुठून

सुरांच्या भाषांबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही की पुष्कळदा सूर म्हणजे हरवलेल्या व्यंजनांच्या मागे राहिलेल्या खुणा असतात.

पंजाबीत 'घोडा' हा शब्द गुरुमुखीत आजही 'घ' काढूनच लिहितात. पण बोलताना तिथे 'घ' नसतो. 'क' असतो आणि त्यानंतरचा स्वर खालच्या सुरात येतो. 'कोडा' म्हणजे चाबूक हा शब्द मधल्या सुरात राहतो आणि 'कोढा' म्हणजे कुष्ठरोगी यातला 'ढ' आपला श्वास गमावून आधीच्या स्वराला उंच करतो. तीन शब्दांची व्यंजनं आता जवळपास सारखी आणि फरक सगळा सुरात. घ, झ, ढ, ध, भ या घोष महाप्राणांनी जाताना आपला वारसा स्वरावर ठेवला.

याच्या मुळाशी शरीराची साधी रचना आहे. ब, द, ग म्हणताना तोंड बंद असूनही स्वरतंतू थरथरत ठेवावे लागतात. त्यासाठी स्वरयंत्र थोडं खाली येतं, तंतू सैल पडतात आणि पुढचा स्वर किंचित खालून सुरू होतो. प, त, क नंतरचा स्वर त्या मानाने वरून सुरू होतो. हा बारीक फरक मराठीतही आहे, पण तो आपल्या कानाला नको असतो, कारण 'पाट' आणि 'बाट' वेगळे ओळखायला 'प' आणि 'ब' पुरेसे आहेत. समजा, पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि लोक 'ब'चा उच्चार 'प'सारखा करू लागले. मग तो बारीक फरकच एकटा उरतो आणि ऐकणारे त्याला धरून ठेवतात, बोलणारे तो ठसठशीत करतात. सूर जन्माला येतो. लाओस आणि त्याच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या ख्मू भाषेच्या काही बोलींमध्ये आजही ब-प असा फरक आहे आणि काही बोलींमध्ये त्याच शब्दांत खालचा-उंच असा सुरांचा फरक आहे. एकच भाषा नदीच्या दोन काठांवर थांबल्यासारखी दोन्ही अवस्थांत दिसते. सोलमधल्या तरुण पिढीच्या कोरियनमध्येही काही व्यंजनांमधला जुना फरक आता मुख्यतः पुढच्या स्वराच्या उंचीवर येऊन ठेपला आहे.

शब्दाच्या शेवटची व्यंजनंही हेच करतात. आंद्रे ओद्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९५४मध्ये व्हिएतनामीच्या सहा सुरांचा उगम उलगडून दाखवला. कधीकाळी तिच्यात सूर नव्हते. शब्दाच्या शेवटी कंठ झटकन बंद होत असे तिथे एक सूर आला, शेवटी 'स'चा झिजून 'ह' झाला होता तिथे दुसरा, काहीच नव्हतं तिथे तिसरा. पुढे सुरुवातीच्या व्यंजनांचा घोष-अघोष (ब, द, ग विरुद्ध प, त, क असा) भेद मिटला आणि या तिघांचे प्रत्येकी दोन होऊन सहा झाले.

येनोचे ध्वनी

आता येनोला असाच इतिहास देऊ. प्राचीन येनोत प-ब, त-द, क-ग अशा जोड्या होत्या आणि शब्दांच्या शेवटी क् किंवा स् येऊ शकत होते. काळाच्या ओघात ब, द, ग हे प, त, क मध्ये मिसळले. शेवटचा क् आधी कंठाच्या झटक्यात विरला आणि मग गेला. शेवटचा स् ह् होऊन गेला. आजच्या येनोत दहाच व्यंजनं उरली : प त क, म न, स, ल र, व य. स्वर पाच : आ इ उ ए ओ. प्रत्येक अक्षर स्वरात संपतं.

नियम दोन. शब्दाच्या सुरुवातीला अघोष व्यंजन होतं तर पहिलं अक्षर उंच, घोष होतं तर खालचं. शेवटी क् होता तर शेवटचं अक्षर उंच, स् होता तर खालचं. आता चार प्राचीन शब्द घ्या : तालोक्, दालोस्, तालोस् आणि दालोक्. यांचं आज काय झालं?

तालोक् → ता॑लो॑, म्हणजे नदी.
दालोस् → ता॒लो॒, म्हणजे दगड.
तालोस् → ता॑लो॒, म्हणजे पक्षी.
दालोक् → ता॒लो॑, म्हणजे दार.

चारही शब्दांत त, आ, ल, ओ. बाकी सगळं सुरात.

या इतिहासातून एक गोष्ट न मागता मिळते. म, न, ल, र, व, य हे सगळे घोष ध्वनी. म्हणजे त्यांच्यापासून सुरू होणारा प्रत्येक येनो शब्द खालच्या सुरातच सुरू व्हायला हवा. 'मे॒रा॑' म्हणजे मुलगी, 'ने॒पु॒' म्हणजे म्हातारा, 'ना॒' म्हणजे मी. आणि भाषेचं नाव 'ये॒नो॑', म्हणजे बोलणं. 'म'ने सुरू होणारा, उंच सुरात सुरू होणारा एकही जुना शब्द येनोत नाही. अशी रिकामी जागा दिसली की भाषा खरी वाटू लागते. सगळ्या सुरांत सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात भरलेली दिसली तर समजावं की ती यादी यंत्राने भरली आहे.

सूर अक्षराचा की शब्दाचा?

येनोत अनेकवचन करताना शब्दाचं पहिलं अक्षर दोनदा म्हणतात : तालो, तातालो. प्रश्न असा की 'ता॑लो॒' (पक्षी) याचं अनेकवचन काय होईल? सूर अक्षराला चिकटलेला असेल तर अक्षराबरोबर तोही दोनदा येईल आणि 'ता॑ता॑लो॒' होईल. सूर शब्दाचा असेल तर 'उंच-खालचा' ही एकच चाल तीन अक्षरांवर नव्याने पसरेल : पहिलं अक्षर उंच घेईल, दुसरं खालचा घेईल आणि तिसऱ्याला वेगळं काही उरलं नाही म्हणून तेही खालचंच राहील : ता॑ता॒लो॒.

मी दुसरा पर्याय निवडला आहे आणि त्याचं कारण सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेत आहे. तिथे 'म्बू' (घुबड) या एका अक्षराच्या शब्दावर उंचावरून खाली असा उतार आहे. 'न्गिला' (कुत्रा) मध्ये पहिलं अक्षर उंच, दुसरं खालचं. 'फेलामा' (वाटा मिळतात ती जागा) मध्ये पहिलं उंच, पुढची दोन खालची. वरवर पाहता तीन वेगळे नमुने; पण नीट पाहिलं तर एकच चाल एका, दोन आणि तीन अक्षरांवर पसरलेली. जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६च्या आपल्या प्रबंधात हा विचार पूर्ण मांडला : व्यंजन-स्वरांची एक ओळ असते, सुरांची वेगळी ओळ असते आणि दोघींना जोडणाऱ्या रेघा असतात. एका अक्षराला दोन सूर जोडले जाऊ शकतात, एका सुराला तीन अक्षरं जोडली जाऊ शकतात आणि अक्षर गळून पडलं तरी सूर जागेवर राहू शकतो.

चढता सूर म्हणजे 'खालचा अधिक उंच' आणि उतरता म्हणजे 'उंच अधिक खालचा' हे पाहणं यातलंच. आपल्याकडे पाणिनीने उदात्त (उंच), अनुदात्त (खालचा) सांगून झाल्यावर स्वरिताची व्याख्या 'समाहारः स्वरितः' अशी केली, म्हणजे त्या दोहोंची बेरीज. एवढ्या दोन शब्दांच्या सूत्रात तो विचार आहे, हे वाचताना मला दर वेळी आनंद होतो.

सूर व्याकरण करतो तेव्हा

येनोत वाक्य क्रियापदाने सुरू होतं, मग कर्ता, मग कर्म. नामांना लिंग नाही, विभक्तीचे प्रत्यय नाहीत. इथवर सगळं साधं आहे.

क्रियापदाला मात्र स्वतःचा सूर नाही. 'सिका' म्हणजे पाहणं; तो नुसता सांगाडा आहे. त्याच्यावर काळाची चाल चढते :

सि॑का॒ : पाहिलं.
सि॒का॒ : पाहतो, पाहते.
सि॒का॑ : पाहील.
सि॑का॑ : पाहा!

इथे 'भविष्यकाळ चढता, कारण आशा वर नेते' अशी कारणं शोधू नयेत. भाषा अशा प्रतीकांवर चालत नाही. या चालींचा उगम पुन्हा इतिहासातच. प्राचीन येनोत क्रियापदामागे सहाय्यक शब्द येत : भूतकाळाला पास्, वर्तमानाला गास्, भविष्याला बाक्, आज्ञेला तोक्. वरचे दोन नियम लावून पाहा. 'पास्' अघोषाने सुरू, स् ने शेवट : उंच-खालचा. 'बाक्' घोषाने सुरू, क् ने शेवट : खालचा-उंच. हे शब्द बोलता बोलता झिजून नाहीसे झाले, त्यांच्या चाली क्रियापदावर येऊन बसल्या आणि क्रियापदाचा मूळ सूर त्यांच्याखाली झाकला गेला.

सि॑का॒ मे॒रा॑ ता॑लो॒ : मुलीने पक्षी पाहिला.
सि॒का॑ मे॒रा॑ ता॑लो॒ : मुलगी पक्षी पाहील.
सि॑का॒ मे॒रा॑ ता॒लो॒ : मुलीने दगड पाहिला.

सुराने व्याकरण बदलणं आपल्या परंपरेलाही ठाऊक आहे. त्वष्ट्याने इंद्राचा काळ व्हावा म्हणून यज्ञ केला आणि वृत्राला उद्देशून 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व' असं म्हटलं, ही कथा व्याकरण शिकणाऱ्यांना सांगतात. 'इन्द्रशत्रु' यात उदात्त शेवटच्या अक्षरावर असेल तर तो तत्पुरुष, 'इंद्राला मारणारा'. उदात्त पहिल्या पदावर असेल तर बहुव्रीही, 'इंद्र ज्याला मारणार आहे तो'. उदात्त चुकीच्या जागी पडला आणि वृत्रच मारला गेला. अक्षरं तीच, समास बदलला. सोमाली भाषेत तर 'इनन' या शब्दात उंच सूर पहिल्या अक्षरावर असला की मुलगा आणि दुसऱ्यावर असला की मुलगी. लिंगाचा भार सुराने उचललेला.

आता मालकी. येनोत आधी वस्तू, मग मालक. प्राचीन येनोत दोघांच्या मध्ये 'ते' हा जोडशब्द होता, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. 'त' अघोष, म्हणून त्याचा सूर उंच. पुढे 'ते'चं व्यंजन गेलं, स्वरही गेला, पण सूर राहिला. असा बिनशरीराचा सूर मग आधीच्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर जाऊन बसतो. तिथे आधीच खालचा सूर असेल तर दोघांना जागा मिळावी म्हणून स्वर लांबतो आणि चढता होतो :

ता॑लो॒ + मे॒रा॑ → ता॑लो॒ओ॑ मे॒रा॑ : मुलीचा पक्षी.
ता॒लो॒ + मे॒रा॑ → ता॒लो॒ओ॑ मे॒रा॑ : मुलीचा दगड.

आणि 'मुलीचं दार'? 'ता॒लो॑'चा शेवट आधीच उंच आहे. उंचावर उंच बसला तर काहीच ऐकू येत नाही : ता॒लो॑ मे॒रा॑. मालकीची खूण इथे दिसत नाही. दोन नामं शेजारी आली एवढ्यावरूनच ती समजून घ्यायची. भाषा घडवणाऱ्याचा हात इथे शिवशिवतो, की एखादा प्रत्यय लावून हे भोक बुजवून टाकावं. माझं म्हणणं आहे की बुजवू नये. खऱ्या भाषांत अशा जागा असतात आणि बोलणारे शब्दांच्या क्रमावर, संदर्भावर विसंबून त्या सहज पार करतात. मालीतल्या बंबारा भाषेत 'तो ठरावीक' हे सांगणारा निश्चिततेचा प्रत्यय म्हणजे नुसता एक खालचा सूर आहे, त्याला ना व्यंजन ना स्वर. तो स्वतः नेहमी ऐकूही येत नाही. पुढच्या उंच सुराला थोडं खाली ओढतो, त्यावरून तो आहे हे कळतं.

नकाराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 'ते'चं शरीर गेलं आणि सूर उरला. नकाराच्या 'से'चं शरीर राहिलं आणि सूर गेला. वाक्यात सतत दबून म्हटल्या जाणाऱ्या छोट्या शब्दांचं असं होतं. मँडरिनमध्ये प्रश्न करणाऱ्या 'मा'लाही स्वतःचा सूर उरलेला नाही. येनोतला 'से' क्रियापदानंतर येतो आणि त्याच्या शेवटच्या सुराच्या उलट सूर घेतो :

सि॑का॒ से॑ : पाहिलं नाही.
सि॒का॑ से॒ : पाहणार नाही.
सि॑का॑ से॒ : पाहू नकोस.

शेजाऱ्याच्या विरुद्ध जाण्याची ही रीत नायजेरिया आणि नायजरमधल्या हौसा भाषेतल्या 'ने' आणि 'चे' या शब्दांत आढळते. तिचा फायदा ऐकणाऱ्याला होतो : क्रियापद संपलं आणि नकार सुरू झाला ती सीमा सुराच्या उडीने ठळक होते.

पूर्ण वाक्यात काय होतं

सुटे शब्द शिकून कुणी सुरांची भाषा ऐकायला गेलं की पहिला धक्का बसतो तो असा की वाक्याच्या शेवटचा 'उंच' सूर सुरुवातीच्या 'खालच्या' सुराइतका खाली असू शकतो. आफ्रिकेतल्या अनेक भाषांत वाक्य पुढे जाईल तसा आवाज पायरी-पायरीने उतरतो. मध्ये खालचा सूर येऊन गेला की पुढचा उंच सूर आधीच्या उंचापर्यंत पोचत नाही. 'सि॑का॒ मे॒रा॑ ता॑लो॒' या वाक्यात 'सि' सर्वांत उंच, 'रा' त्याहून खाली, 'ता' 'रा'च्याच पायरीवर आणि 'लो' तळाशी. ऐकणाऱ्याचं लक्ष मागच्या अक्षराच्या तुलनेत उडी वर आहे की खाली यावर असतं.

मग प्रश्न कसा विचारायचा? मराठीसारखं शेवटी आवाज चढवला तर 'ता॑लो॒'चा 'ता॑लो॑' होईल, पक्ष्याची नदी होईल. येनोत प्रश्न करताना पायऱ्या उतरायच्याच नाहीत. सगळे उंच सूर एकाच उंचीवर ठेवले की तेच वाक्य 'मुलीने पक्षी पाहिला का?' असं होतं. हौसातही प्रश्नात हा उतार थांबतो. म्हणजे सुरांच्या भाषेत भावना आणि प्रश्न यांना जागा नसते हा समज खरा नाही. शब्दांचे सूर तसेच ठेवून त्यांच्याखालची पट्टी बदलते.

शेजारचे सूर एकमेकांना बदलतात हेही खरं. मँडरिनमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे खाली जाऊन वर येणारा सूर तशाच सुराच्या आधी आला तर तो दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे चढता होतो. म्हणून 'घोडा विकत घेणे' आणि 'घोडा पुरणे' ही दोन्ही 'माय मा' बोलताना एकसारखी ऐकू येतात, तरी व्यवहार चालतो. आफ्रिकेतल्या बांटू कुळातल्या अनेक भाषांत दोन उंच सूर शेजारी आले की दुसरा खाली येतो. हा दुसरा नियम मला मनापासून आवडतो, पण येनोत तो घेतला नाही. 'मे॒रा॑' नंतर 'ता॑लो॒' आला की 'ता' खाली येणार आणि मुलीने पाहिलेला प्रत्येक पक्षी दगड होणार. मँडरिनमध्ये शब्द पुष्कळ आणि बरेचसे दोन-दोन अक्षरी जोडशब्द, म्हणून तिथे अशी गल्लत खपते. येनोत एका 'तालो'वर चार शब्दांचा भार आहे. नियम सुंदर असून भागत नाही, भाषेला तो पेलला पाहिजे.

तो भार किती आहे हे जोखायला एक युक्ती आहे : व्यंजन-स्वर काढून टाका आणि वाक्य नुसतं गुणगुणा. मेक्सिकोतल्या माझातेक लोकांमध्ये शिट्टीवर असे संवाद होतात, कारण शिट्टी त्यांच्या भाषेचे सूर वाहून नेते. योरुबांचे बोलणारे ढोलही सुरांचीच नक्कल करतात. योरुबात 'ओको' हा शब्द सुरांप्रमाणे नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला होतो. पण ढोलावर उलटी अडचण येते, सूर कळतात आणि अक्षरं कळत नाहीत. म्हणून ढोलावर एका शब्दाऐवजी लांब, ठरलेली वाक्यंच्या वाक्यं वाजवावी लागतात.

लिहायचं कसं, आणि उसने शब्द

लिपीबद्दल थोडक्यात. खुणा हा एकच मार्ग नाही. १९५०च्या दशकात लाओसमध्ये ह्मोंग भाषेसाठी रोमन लिपी बेतली गेली, तिथे सूर शब्दाच्या शेवटी व्यंजन लिहून दाखवतात. शब्दाच्या शेवटी 'ब' लिहिलेला असतो आणि तो कुणी उच्चारत नाही. तो फक्त सांगतो की सूर उंच आहे. येनोसाठीही हे छान जमलं असतं : उंच सुरासाठी शेवटी क्, खालच्यासाठी स् लिहायचा, आणि इतिहास आपोआप लिपीत उतरला असता. पण मधल्या अक्षरांचे आणि क्रियापदांचे सूर त्यात बसत नाहीत, म्हणून मी रेघांवरच थांबलो.

आणि शेवटची कसोटी उसन्या शब्दांची. सूर नसलेल्या भाषेतून शब्द आला तर त्याला सूर कुठला द्यायचा? योरुबा आणि हौसात इंग्रजी शब्द येतात तेव्हा इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर असतो त्याला सामान्यतः उंच सूर मिळतो. येनोनेही तेच केलं, तर 'रेडिओ' हा शब्द कसा येईल? 'ड' नाही, त्याजागी 'त'. दोन स्वर लागून येत नाहीत, म्हणून मध्ये 'य'. जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून तिथे उंच सूर, पुढची अक्षरं खालची : रे॑ति॒यो॒.

'र'ने सुरू होणारा आणि उंच सुरात सुरू होणारा हा येनोतला पहिला शब्द. इतके दिवस 'र' दिसला की पुढचा सूर खालचा हे ठरलेलं होतं, बोलणाऱ्याला तो लक्षात ठेवावाच लागत नव्हता. आता लक्षात ठेवावा लागेल. असे आणखी दहा-वीस शब्द आले की मुलं 'र', 'ल', 'म' या ध्वनींपुढे दोन्ही सूर ऐकत मोठी होतील आणि रिकामी होती ती जागा भरू लागेल. मग एखाद्या पिढीला 'मे॒रा॑'च्या शेजारी 'मे॑रा॑' असा नवा शब्द घडवावासा वाटला, तर तो त्यांना परका वाटणार नाही.